वही दिसली की पाणी आटायचं

ये, अशी जवळ सरक. समोर नाही तर नाही, पण हे वाचताना तरी तो मोबाइल पालथा ठेव आणि दोन्ही कान मले दे. फोनवर तू बोलते तेव्हा एक कान माझ्याकडं असतो आणि दुसरा कुठं असतो ते तुलेच माहीत. मी सांगते की म्हैस व्याली, तर तू म्हणते, 'हो का, काळजी घ्या.' म्हशीची काळजी घ्या का माझी, तेही कळत नाही. दोन दिवाळ्या झाल्या, तू गावाचं तोंड पाह्यलं नाही. रागावली म्हणून तोंड वाकडं करू नको. दीड वर्षाची होतपर्यंत तू माझ्याच मांडीवर होती, एवढा हक्क मले पोहोचतो.

परवा तू सांगितलं की तुझं ऑफिस आता कंपन्यांले जागा शोधून देतं. कोणत्या गावाले रस्ता आहे, कुठं पाणी आहे, कुठं लाइन बरोबर राहते, हे सारं तू तिथं बसून कॉम्प्युटरवर पाहते. आणि मग हसून म्हणाली, "मोठी आई, आपल्या गावाला तर सगळंच आहे. मग एकही कारखाना का आला नाही? तुम्ही लोकांनी कधी प्रयत्नच केला नसेल."

मी 'हाव' म्हटलं आणि फोन ठेवला. प्रयत्न केला नसेल म्हणे! अवं पोट्टे, प्रयत्न झाला होता, आणि तो तुझ्याच बापानं केला होता. तो तुले हे सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

तू पाह्यलेलं गाव आताचं. तेव्हा धामणगाव बढ्याकडून आपल्याकडं येणारा रस्ता एका गाडीपुरता होता. मक्याच्या दिवसात तर तेवढाही राहायचा नाही, कारण अर्ध्या रस्त्यावर लोक मका वाळत टाकायचे. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा, मग खाली उतरून स्वतःच पोते बाजूले करायचा. आणि बायका त्याले म्हणायच्या, "भाऊ, आता उतरलेच खाली तर ते तिसरंही सरकवून द्या." तोही सरकवायचा, शिव्या देत देत. मग त्याच बायका त्याले भाजलेली कणसं द्यायच्या, गाडीतले लोक वास घेत बसायचे आणि मोताळ्याले जाणारी गाडी आपल्याच गावात पाव तास थांबायची. घरोघरी दाणे काढलेल्या कणसांवर चुली पेटायच्या. त्या धुराले एक गोडसर वास होता. आता गॅस आला, चांगलं झालं, डोळे वाचले. पण तो वास मले अजून आठवतो, काय करू?

मी लग्न होऊन आली तेव्हा तुझा बाप हाफचड्डीत होता. तरी मी त्याले भाऊजीच म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची, रीतच होती. "भाऊजी, नाक पुसा," असं म्हणायची मी. मले वाचता येत होतं जेमतेम. त्याच्या शाळेच्या पुस्तकांवरूनच मी पुढचं शिकली. तो मोठ्यानं वाचायचा, मी भाकरी थापता थापता ऐकायची, आणि तो खेळाले गेला की पुस्तक उघडून तेच शब्द शोधायची. पुढं त्यानं मलकापूरले कॉलेज केलं. बाकी पोट्टे शिकले आणि गेले. हा शिकला आणि परत आला.

त्याले एकच वेड. मक्याचे ट्रक भरून जाताना पाह्यले की त्याले बसवायचं नाही.

"वहिनी, आपला मका परगावी जाते," तो म्हणायचा. "तिथं त्याची पिठी निघते, स्टार्च म्हणतात त्याले. ते औषधात जाते, कापडात जाते, कागदात जाते. आणि आपले पोट्टे त्या मक्याच्या मागं मागं जातात, त्याच कारखान्यात पोते उचलाले. तो कारखाना इथंच आला तर?"

"मग पोते इथंच उचलतीन," मी म्हणायची.

"उचलू द्या ना! संध्याकाळी घरी तर येतीन."

त्यानं बुलढाण्याच्या ऑफिसांच्या किती चकरा मारल्या ते त्यालेच माहीत. आपल्या गावच्या बौद्धवाड्यातले गुरुजी तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी ते काम अंगावर घेतलं. दोघं मिळून पत्रं लिहायचे. आपल्या मळ्याच्या बांधाले लागून जी ई-क्लासची पडीक जमीन आहे, सरकारी, तिचा नकाशा गुरुजींनी हातानं काढला. त्यात झाडंही काढली, एक एक बाभूळ. तुझ्या बापानं म्हटलं, "गुरुजी, बाभळी कशाले?" गुरुजी म्हणाले, "अरे, तिथं सावली आहे हे त्या माणसाले कळायले नको?"

गावातले लोक टपरीवर त्याची मजा घ्यायचे.

"काय बे कारखानदार, भोंगा कधी वाजते?"

"तू आधी रोज आंघोळ कराले शिक बे. भोंगा वाजला की लाइनीत उभं राहा लागते, शेजारच्याले वास येते."

असं तो हसून उडवून लावायचा. पण घरात गोष्ट वेगळी होती. तुझ्या मामानं भोसरीले त्याच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. तुझी माय म्हणायची, पोरीच्या शाळेचं आतापासून पाहा लागते. तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी एक दिवस चुलीपाशी बसून त्यानं आम्हाले सांगितलं, "एक शेठ जागा पाहाले येऊन राह्यला. मक्याचाच कारखाना आहे त्याचा. त्यानं हो म्हटलं तर मी इथंच. नाही म्हटलं तर संक्रांत झाली की आम्ही पुण्याले."

तुझे मोठे बाबा म्हणाले, "कारखाना आपली विहीर पिऊन टाकीन, एवढं पाहजो." दुसरं काही नाही म्हणाले. पण हे वाक्य ध्यानात ठेव.

आणि मी? मले दोन्ही पोरंच. घरात पोरगी म्हणशील तर तू एकटी. तू तेव्हा चालाले शिकली होती आणि माझ्या लुगड्याचा सोगा धरल्याशिवाय चालायची नाही. मी मनात म्हटलं, देवा, त्या शेठले सुबुद्धी दे.

मग गाव असं तयार झालं की जसे मुलगी पाहाले पाहुणे येऊन राह्यले. ग्रामपंचायतीच्या भिंतीले चुना लागला. रस्त्यावर झुकलेल्या काट्या तोडल्या. कोणाच्या तरी म्हाताऱ्या बैलाच्याही शिंगांले रंग लागला. त्याचा काय संबंध ते कोणी विचारलं नाही. मार्गशीर्षाचे दिवस होते, थंडी छान पडली होती, वांगी भरताच्या जोगी झाली होती. आम्ही बायका पहाटेच जमलो. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी ठरल्या. तिखटावरून भांडण झालं.

"शेठ बाहेरचा माणूस आहे, मिरच्या कमी टाका."

"भरीत करून राह्यलो का लापशी?"

"अवं, ठसका लागला त्याले तर कारखाना जाईन!"

"आणि बेचव लागलं तर येईन का?"

शेवटी दोन पातेल्यांत केलं, एक गावासाठी, एक शेठसाठी. शेठनं गावाच्याच पातेल्यातलं दोनदा मागून घेतलं, हे आधीच सांगून टाकते.

आदल्या दिवशी तुझ्या बापानं साऱ्यांले बजावलं होतं. "शेठच्या समोर मी बोलतो. कागद गुरुजी दाखवतात. बाकी कोणी तोंड उघडू नका." सारे हो म्हणाले. आणि खरं सांगते, शेठच्या समोर कोणी एक शब्द बोललं नाही.

पण शेठ एकटा आला नव्हता. त्याच्यासोबत एक वहीवाला होता.

आता हे तुले समजावून सांगा लागते, कारण पुण्यात ही गोष्ट नाही. आपल्या गावात वही घेऊन कोण यायचं? तलाठी यायचा, नाही तर कृषी सहायक. गारपिटीचा पंचनामा, दुष्काळाची पाहणी, आणेवारी. आणेवारी म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज. वहीत कमी लिहिलं गेलं तर गावाले काही मदत मिळायची. जास्त लिहिलं गेलं तर बसा तोंड पाहत. म्हणून वहीवाल्याले कोणी सुखाचं सांगतच नव्हतं. मी या घरात आली त्याच वर्षी सासऱ्यांनी मले शिकवलं होतं, "सूनबाई, वही दिसली की विहिरीतलं पाणी अर्धं सांगायचं." सासू आतून म्हणाली होती, "अर्धं काऊन? सांगायचंच नाही." आपण खोटं बोलतो असं कोणाच्या मनातही यायचं नाही. पाहुण्याले पाण्याचा गडवा द्यावा, तसं वहीवाल्याले रडगाणं द्यावं, अशी ती चाल होती.

शेठ जेवला, भरीत वाखाणलं, गुरुजींच्या बाभळी पाहून हसला. तुझा बाप त्याले जमीन दाखवाले घेऊन गेला. तुझ्या बापाचा चेहरा त्या दिवशी पाहाले पाहिजे होता. लग्नातही त्याचा चेहरा तसा नव्हता, तुझ्या मायले विचार. मी इकडं भांडे घासत होती, तेवढ्यात लाइन आली. त्या काळी लाइन कधी येईन नि कधी जाईन याचा भरवसा नव्हता. आली की पळा लागे. तुझे मोठे बाबा सकाळपासून मळ्यात होते, ते नुकतेच जेवाले गावात आले होते. म्हणून भांडे तसेच टाकले आणि मीच मोटर लावाले मळ्यात गेली. शेठ आणि तुझा बाप जमिनीच्या पार दुसऱ्या टोकाले होते, विहिरीवरून दिसत नव्हते.

विहिरीत पाणी काठापासून हातभरच खाली होतं. मोटर लावली, पाटात पाणी सुटलं, मी पायानं पाटाचं बारं फोडत मक्याच्या वाफ्यात पाणी वळवत होती. मागून आवाज आला, "बाई, ही विहीर तुमची का?"

मान वळवली तर शर्टाच्या खिशात पेन आणि हातात वही.

पोट्टे, माणूस मी पाह्यलाच नाही. मी वही पाह्यली.

"आमचीच साहेब," मी म्हटलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"पाणी किती दिवस पुरतं?"

"काय पुरते साहेब! होळी आली की ठणठणाट. जनावराले पाजाले नाही."

"आत्ता तर चांगलं दिसतंय."

"हे काय पाणी आहे? वरवरचं आहे. खाली सारा गाळ."

"आणि शेजारच्यांच्या विहिरी?"

"त्यांच्यात तर गाळही नाही साहेब."

तो लिहीत होता. मी पाटाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून हे सांगून राह्यली, बघ. पाण्याचा आवाज येत होता, मोटर चालू होती, मका कमरेइतका हिरवागार उभा. त्यानं मक्याकडं बोट केलं तर मी म्हटलं, "तो मका नाही, चारा आहे. कणसाले दाणाच धरत नाही." आणि डोळ्यांले पदरही लावला. एवढं करून विचारलं, "मग साहेब, मदत कधीपर्यंत भेटन?"

"कसली मदत?"

"दुष्काळाची."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, मी सरकारचा नाही. कंपनीचा आहे."

मी डोळ्यांचा पदर काढला. मी म्हटलं, "नाही नाही साहेब, मग पाणी आहे! भरपूर आहे! उन्हाळ्यातही दोन मोटरा चालतात. त्या मोठ्या दुष्काळातही आटली नव्हती ही विहीर, सारा गाव इथून पाणी न्यायचा." आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

तो म्हणाला, "हिवाळ्यात विहिरी भरलेल्या असतातच, बाई. उन्हाळ्यात काय राहतं ते गावालाच माहीत. म्हणून मी कागद बघत नाही, लोकांना विचारतो. आणि पहिलं जे तोंडातून निघतं ते लिहून घेतो." वही मिटली आणि बांधावरून निघून गेला.

जाताना शेठनं तुझ्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, बाकी सब अच्छा है. लेकिन पानी का आपके गाँव वाले कुछ और बता रहे हैं. जमीन के बाजू वाले कुएँ का भी. सोचके बताता हूँ." गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तुझा बाप तिथंच उभा होता.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सारे जमले. मग एकेक निघालं बाहेर. तो वहीवाला मळ्यात येण्याआधी साऱ्या गावात फिरला होता.

"तू काय सांगितलं बे?"

"मी? मी एवढंच म्हटलं की माझे दोन बोअर कोरडे गेले."

"बे, तुझ्याकडं तर बोअरच नाही!"

"म्हणूनच ना! नाही म्हणजे कोरडाच झाला."

लोक हसाले लागले. एक म्हातारा म्हणे, मी तर त्याले सांगितलं की विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरा लागते. पुन्हा हसले. असं हसू मी गावात कधी ऐकलं नव्हतं, कोणाच्या डोळ्यांकडं कोणी पाहत नव्हतं. गुरुजी नकाशाची सुरळी करत होते. ती काही नीट होत नव्हती.

साऱ्यांनी आपापलं सांगितलं. मी बायकांच्या मागं उभी होती. मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर तुझ्या बापानं विचारलं, "वहिनी, दुपारी मळ्यात कोण होतं?"

मी तुले कडेवर घेतलं होतं. मी म्हटलं, "मले काय मालूम. मी तर भांडे घासत होती."

त्यानं दादाकडं, म्हणजे तुझ्या मोठ्या बाबांकडं, पाह्यलं. सकाळपासून मळ्यात दादा होता, साऱ्यांनी पाह्यलं होतं. आणि विहीर पिऊन टाकीन म्हणणाराही दादाच. तुझे मोठे बाबा म्हणाले, "मी काही बोललो नाही." मग त्यांनी माझ्या पायांकडं पाह्यलं. घोट्यापर्यंत मळ्यातला चिखल होता, वाळलेला. त्यांनी नजर वर नेली आणि त्यावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीही नाही. दुसऱ्याच्या अंगावरचं घोंगडं माणूस एवढे वर्षं पांघरून बसू शकतो, हे मी घरातच पाह्यलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, चार ओळींचं. पाणी पुरेसं नाही म्हणून जागा पसंत नाही. संक्रांतीचे तीळ वाटून झाले आणि तुम्ही निघाले. एसटीत बसताना तू माझा सोगा सोडत नव्हती. तुझ्या मायनं एक एक बोट सोडवलं.

मी तेव्हाच बोलली असती तर कारखाना आला असता असं नाही. साऱ्या गावानंच रडगाणं गायलं होतं. पण भाऊ भावाले नसता तुटला. तुझा बाप लग्नकार्याले येतो, जेवतो, दादाले लांबून नमस्कार करतो आणि संध्याकाळची गाडी पकडतो. तू विचारते ना, बाबा गावी राहत का नाहीत? तुले वाटलं असेल त्याले पुण्याची सवय झाली. त्याले वाटते, दादानं मुद्दाम त्याचा घास हिरावला. आणि मी हे पाहत राह्यली. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तू नोकरीले लागली.

मग आता काऊन सांगून राह्यली? तर ऐक. ई-क्लासची ती जमीन पाहाले पुन्हा एक पार्टी येणार आहे. ग्रामसभा झाली, पोरांनी मोबाइलवर फोटो काढले, आकाशातूनही काढले म्हणे. तुझे मोठे बाबा ग्रामसभेतून आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "तो असता तर त्यानं बरोबर दाखवलं असतं." एवढ्या वर्षांत घरात त्याचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. पाणी पिले आणि झोपले दुपारचे. मी तशीच बसून राह्यली. त्यांचे हात आता कापतात, चहा सांडतो. अजून किती दिवस त्यांच्या अंगावर ठेवू मी हे?

ते उठल्यावर मी म्हटलं, "मी सांगते भाऊजींले."

ते म्हणाले, "राहू दे आता. तुले काय म्हणतीन ते?"

"जे म्हणतीन ते म्हणतीन," मी म्हटलं. "माझे भाऊजी आहेत, मी त्यांचं नाक पुसलं."

हे त्याले फोनवर सांगायची गोष्ट नाही. हा कागदही त्याले वाचाले देऊ नको. मले त्याच्या समोर बसून, दादाच्या समोर बसून सांगायचं आहे, आणि मग तो उठून गेला तरी चालेल. पण तो उठून जाणार नाही, असं मले वाटते. तू सोबत राह्यली तर नक्कीच जाणार नाही, तुझं तो ऐकतो.

म्हणून सांगते पोट्टे, सुट्टीची वाट पाहू नको. ती पार्टी येईल तेव्हा येईल, तिचं मले काही घेणं नाही. या शनिवारी जमत नसेल तर पुढच्या शनिवारी निघा. सकाळी मलकापूरले उतरा, तिथून आता दर तासाले गाडी आहे. बापाले एवढंच सांग की वहिनीनं बोलावलं, आणि या वेळी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढू नका म्हणाली. दोन दिवस राहाच्या हिशोबानं कपडे आणा. थंडी आहे, त्याले स्वेटर घालाले लाव. मी गादी उन्हात टाकून ठेवते. ये, लवकर ये.